करडाला दार कोण उघडतं?

‘आता हळद येईल,’ रूफसकाका म्हणाला, आणि हळद आली.

त्याआधी टीव्हीवर बर्फ पडत होता. बर्फात एक करडू एका लाकडी दारासमोर उभं होतं. दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड बाहेर येत होता. करडाने खूर उचलला, टक टक टक केलं, कान टवकारले. तेवढ्यात पडदा थरथरला, दोन पांढऱ्या रेघा वरून खाली सरकल्या आणि कुणाच्या तरी अंगणात पाटावर बसलेल्या एका नवऱ्या मुलाला बायका हळद लावू लागल्या. मागे सनई वाजत होती. काकाच्या दोन्ही पोरांनी टाळ्या पिटल्या. ती मंडळी कोण, गाव कुठलं, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. पण नवरदेवाची खोकणारी आत्या आमच्या इतक्या ओळखीची झाली होती की तिची खोकल्याची उबळ आली की पोरंही खोकायची.

हा एक्क्याण्णव सालचा नाताळ. मी नववीत होते. आम्ही नगरला चर्चच्या मागच्या गल्लीत राहायचो. सकाळची उपासना झाली, आवारात सगळ्यांना सलाम करून झाले, मटण-पुलाव चेपून झाला की बाकीची गल्ली आडवी व्हायची. आमच्याकडे मात्र सतरंजी अंथरली जायची, खिडकीवर चादर टांगली जायची, करंज्यांचा डबा मध्यभागी यायचा आणि करडाची कॅसेट लागायची.

कॅसेट डॅनियलमामाची. हा माझ्या आईचा धाकटा भाऊ, कॅनडात एका कारखान्यात कामाला होता. तिकडे म्हणे नाताळच्या आठवड्यात टीव्हीवर वर्षानुवर्षं तीच कार्टून लागतात आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे ती मांडीला मांडी लावून बघतात. ‘तीच ती? दरवर्षी? तिकडच्या लोकांना दुसरी कामं नाहीत का?’ असं रूफसकाका तेव्हा म्हणाला होता. पुढे त्यालाच कॅसेट लागल्याशिवाय नाताळ झाल्यासारखा वाटेना, ही गोष्ट वेगळी.

मामाने त्यातलं एक कार्टून उतरवून पाठवलं. पण तिकडची कॅसेट इकडच्या व्हीसीआरवर चालेना. मग बाजारातल्या एका व्हिडिओवाल्याने ती पुण्याला नेऊन इकडच्या पद्धतीची करून आणली. पठ्ठ्याने नवी कॅसेट वापरायच्या ऐवजी कुणाच्या तरी लग्नाची जुनी कॅसेट घेतली, तिच्यावर करडू चढवलं आणि शेवट यायच्या आत यंत्र बंद केलं. त्यामुळे करडू दारापर्यंत पोचलं आणि पुढचं लग्न तसंच राहिलं. मूळ कॅसेट त्याने हरवली ती हरवलीच. काका भांडायला गेला तर तो म्हणाला, ‘काय राव, एवढं सगळं दिसतंय ना? शेवटाला काय असतंय? गोडच असणार.’

पहिल्या वर्षी शेवट नाही म्हणून पोरांनी भोकाड पसरलं. त्यांना गप्प करायला काका म्हणाला, ‘सांगतो शेवट. दार उघडतं. आत खाटीक असतो.’ पोरं जास्तच रडली. मग काकूने घाईघाईने दुसरा शेवट सांगितला. तिच्या गोष्टीत दार पाळकसाहेबांनी उघडलं आणि करडू चर्चच्या गायनात भरती झालं. तेव्हापासून प्रथाच पडली. हळद आली की टीव्ही बंद करायचा आणि ज्याचा नंबर असेल त्याने शेवट सांगायचा. दार कोणी उघडलं ते सांगितल्याशिवाय सुटका नाही. आईचा नंबर आला तेव्हा तिने ‘आत गेलं, जेवलं, झोपलं’ एवढ्यात करडू गुंडाळलं आणि रस्सा ढवळायला गेली. 

मला मात्र खरा शेवट हवा होता. मी जात्याच चौकस. आईचा शब्द त्याला ‘भोचक’ असा होता. सहावीत असताना मी बर्फ कसा लागतो ते बघायला बर्फाच्या कारखान्याच्या दारात उभी राहिले होते. एवढं चित्र काढणाऱ्या माणसाच्या मनात दारामागे कोण होतं, हा प्रश्न मला उपासनेत डोळे मिटले तरी सोडायचा नाही. मामाचा फोन आला की सगळे खुशाली विचारायचे आणि मी पाठीमागून ओरडायचे, ‘मामा, शेवट!’

आणि त्या वर्षी मामा स्वतः आला. शेवटासकट नवी कॅसेट घेऊन.

‘शुलमिथ, ही घे. तिकडूनच तुमच्या व्हीसीआरला चालेल अशी करून आणलीय,’ तो म्हणाला. ‘पण आधी तुमची ती हळदीची बघू. मी तिच्याबद्दल नुसतंच ऐकलंय.’

म्हणून आधी जुनी लावली होती. हळद आल्यावर मामा हसून हसून बेजार झाला. काकाने रिमोटने टीव्ही बंद केला आणि हात चोळत म्हणाला, ‘हं. नंबर कुणाचा?’

सगळ्यांना माहीत होतं. नंबर पप्पांचा होता.

पप्पा भिंतीला टेकून एकटे खुर्चीवर बसले होते. वीज मंडळात ते इंजिनिअर होते. माणूस मोजकं बोलणारा आणि बोलला की काळ्या दगडावरची रेघ. आजवर नाताळच्या दुपारी नेमकी कुठेतरी तार तुटायची आणि ते मोटारसायकल काढून निघून जायचे, म्हणून त्यांचा नंबर पुढे पुढे ढकलला गेला होता. त्या दिवशी मात्र साऱ्या जिल्ह्यातल्या तारा शाबूत होत्या.

‘अरे, आता खरा शेवट आलाय ना?’ पप्पा म्हणाले. ‘तोच लावा. माझं कशाला?’

मी चकित झाले. पप्पांना नवीन काही आवडत नसे. चहाचा कप बदलला तर ते दोन दिवस चहाची चव गेली म्हणायचे. त्यांना एवढी खऱ्या शेवटाची ओढ कधीपासून लागली? मी त्यांच्याकडे बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते. ‘शुलूला किती दिवसांपासून बघायचाय,’ ते म्हणाले. ‘लाव गं.’

मला काय, आंधळा मागतो एक डोळा! मी उठलेच. उठताना कपाटाशेजारच्या मोकळ्या जागेला माझा पाय लागू नये म्हणून मी वळसा घेतला. ती माझ्या मोठ्या बहिणीची, रिबेकाताईची जागा. ती तिथे उशी पोटाशी घेऊन बसायची. त्या जागेवर कुणी बसत नसे आणि तिचं नावही कुणी घेत नसे.

ताईने दोन वर्षांपूर्वी विश्वास वाघचौरेशी रजिस्टर लग्न केलं होतं. मुलगा हिंदू, एसटीत कंडक्टर. घरी कळलं तो रविवार होता. उपासना सुटत होती. चर्चच्या फाटकात अर्धी मंडळी उभी असताना कुणीतरी पप्पांना विचारलं, तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, ‘माझ्या घराचं दार तिला बंद. ती आली तर मी उठून दार उघडणार नाही.’ बस. ताई भिंगारला राहत होती, म्हणजे आमच्याच गावाला लागून. पण पप्पांनी शब्द दिला होता आणि आईने तो पाळला होता. 

सप्टेंबरात ताईला मुलगा झाला. मी शाळेतून परस्पर दवाखान्यात जाऊन बघून आले, घर नेमकं कुठे तेही ताईला विचारून घेतलं आणि आईला मोरीत भांडी घासताना सांगितलं. त्यानंतर रोज पप्पा कामावर गेले की आई विचारायची. ‘नाक कुणासारखं गं?’ ‘जावळ दाट आहे का?’ ‘रडतो कसा, बारीक की दणदणीत?’ मी एकदाच पाहिलेल्या बाळाचं रोज काय नवीन सांगणार? मी रचून सांगायचे आणि तिला कळायचं की मी रचतेय, तरी ती ऐकायची. त्या नाताळला बाळ तीन महिन्यांचं झालं होतं. आईने त्याच्यासाठी विणलेली टोपी पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. मोठं होत चाललेल्या डोक्याला ती आता बसेल का, एवढाच तिला घोर लागला होता.

मी नवी कॅसेट आत सरकवली आणि पुढे पळवत दारापाशी आणली. टक टक टक. करडाने कान टवकारले.

दार आपोआप उघडलं. आत सगळे प्राणी झाडाभोवती उभे होते, ते गायला लागले. करडू त्यांच्यात गेलं आणि तेही गायला लागलं. गाणं चांगलंच लांबलं. मग झाड लहान लहान होत गेलं आणि नावं सुरू झाली.

आम्ही नावं संपेपर्यंत बघत राहिलो, कारण अजून काहीतरी येईल असं प्रत्येकाला वाटत होतं.

‘झालं?’ काकाचा धाकटा म्हणाला.

‘झालं,’ मामा ओशाळून म्हणाला. जणू करडू त्यानेच काढलं होतं.

‘पण दार उघडलं कुणी?’ मी विचारलं.

‘कुणी नाही. उघडलं आपलं.’

‘असं कसं? आपोआप?’

‘व्हिडिओवाला बरोबर बोलला होता,’ काका म्हणाला. ‘गोडच आहे. ह्यापेक्षा माझा खाटीक बरा.’

काकू म्हणाली, ‘त्या आत्याचा खोकलाच बरा होता हो.’

हे आज सांगते तेव्हा हसू येतं. आता ते करडू माझ्या मुलाच्या फोनवर सापडतं, शेवटासकट, रंग चकचकीत करून. नाताळला आम्ही अजूनही बघतो. पण टकटक झाली की कुणीतरी हात पुढे करून चित्र थांबवतं, आणि खोलीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. त्या दिवशी ही सवय नुकतीच पक्की होत होती. काका पप्पांकडे वळला.

‘दादा, हा शेवट काही धरायचा नाही. नंबर तुझाच.’

‘बघितला ना आता खरा?’

‘त्यात दार उघडणारा माणूसच नाही. आपला नियम काय? दार कोणी उघडलं ते सांगायचं. सुटका नाही.’

‘सांगा ना, पप्पा,’ मी म्हटलं.

पप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. आई करंज्यांच्या डब्याचं झाकण लावत होती.

‘आत एक बोकड असतो,’ पप्पा म्हणाले.

‘म्हातारा?’ काकाच्या थोरल्याने विचारलं.

‘नाही. माझ्याएवढा. खुर्चीत बसलेला असतो. पेपर वाचत.’

पोरं खुदकन हसली. बोकड पेपर वाचतो म्हणजे काय!

‘त्याला टकटक ऐकू येते. पहिल्यांदाच ऐकू येते. खूर कुणाचा आहे तेही कळतं. लहान असल्यापासून ते करडू तसंच ठोठावतं. दोनदा पटापट आणि तिसऱ्यांदा थांबून.’

मी टीव्हीकडे बघितलं. टीव्हीतलं करडू तिन्ही वेळा सारखंच ठोठावायचं. ते मला पाठ होतं.

‘मग उघडतो ना?’ धाकट्याने विचारलं.

‘नाही. बसून राहतो.’

‘का?’

‘तो सगळ्या कळपासमोर बोललेला असतो, उठणार नाही म्हणून.’

मामाने मान खाली घातली. काकाची थट्टा तोंडातल्या तोंडात राहिली. मोठ्या माणसांना सगळ्यांना कळलं होतं. मला मात्र राहवेना. भोचकच मी.

‘मग करडू तिथेच उभं राहतं?’

‘थोडा वेळ. मग जातं. पुढे कितीतरी महिन्यांनी परत येतं. तेव्हा ऊन असतं. त्याच्याने फार वेळ उभं राहवत नाही, तर ते पायरीवर बसतं. बोकड खिडकीच्या फटीतून बघत असतो.’

‘कार्टूनमध्ये तर बर्फ आहे,’ थोरला म्हणाला. काकूने त्याचा हात दाबला.

आईच्या हातातलं झाकण तसंच राहिलं होतं. तिने ते खाली ठेवलं.

‘कधी?’ आई म्हणाली.

पप्पांनी परत चष्मा काढला.

‘अहो, मी विचारतेय. कधी आली होती?’

‘एकदा मागच्या नाताळच्या आधी. तू महिला मंडळाच्या करंज्या करायला गेली होतीस.’ पप्पा जमिनीकडे बघून बोलत होते. ‘आणि एकदा जुलैत. पोट दिसत होतं तिचं. पाणी प्यायली बाटलीतलं, पायरीवर बसून. मग गेली.’

‘आणि तुम्ही आत होता.’

‘हो.’

‘मी आल्यावर मला चहा मागितलात.’

‘हो.’

आमच्या घरात आईने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशीही तिने तो चढवला नाही. पण मला तिची भीती वाटली. दोन वर्षं ती समजत होती की पोरगी रागावून बसलीय, एकदाही फिरकली नाही. ‘तिला आईची आठवण नाही तर मी का जाऊ?’ असं ती मला मोरीत कितीदा म्हणाली होती! आणि पोरगी दारात येऊन, पायरीवर बसून परत गेली होती.

मामा म्हणाला, ‘अक्का, जरा ऐक. दाजींना पण...’

‘डॅनियल, तू बस.’

आई उठली. आत गेली. पिठाचा डबा सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर सकाळची उपासनेची साडी तशीच होती आणि पिशवीत काहीतरी होतं.

‘शुले, तुला घर माहीत आहे. चल.’

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला घर माहीत असल्याचं त्यांना माहीत नव्हतं. एरवी एवढ्यावर माझी सालटी निघाली असती. मी चपला शोधू लागले. काकाची पोरंसुद्धा हाताची घडी तोंडावर बोट करून बसली होती.

आई उंबऱ्याबाहेर पडली तसे पप्पा खुर्चीतून उठले. उठले आणि तिथेच उभे राहिले. विजेच्या खांबावर भर पावसात चढणारा माझा बाप, त्याला त्या खोलीतून दारापर्यंत यायला काय जड गेलं ते मी पाहिलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

‘मी येऊ?’ त्यांनी विचारलं.

‘मला काय विचारता?’ आई मागे न वळता म्हणाली. ‘यायचं तर या. पण मी ठोठावणार नाही. ते तुम्ही करायचं. आणि ती उठली नाही, तर पायरीवर बसायचं.’

आम्ही रिक्षाने गेलो. मी मध्ये, ते दोघे दोन्हीकडे. रिक्षावाल्याने आरशात बघून ‘मेरी ख्रिसमस, साहेब’ म्हटलं. साहेबांनी मान हलवली. पप्पांनी दोनदा खिशातून रुमाल काढला आणि न वापरता परत ठेवला. मला एकच प्रश्न छळत होता आणि तो करडाच्या प्रश्नापेक्षा मोठा होता. ताई दार उघडेल का? मी तिच्या जागी असते तर उघडलं असतं का? 

ताईचं घर म्हणजे एका बैठ्या चाळीतल्या कडेच्या दोन खोल्या. बाहेर दोरीवर दुपटी आणि लंगोट वाळत होते. आई दोरीपाशीच थांबली. तिने एक लंगोट हाताने चाचपून बघितला, वाळलाय का म्हणून. मग पिशवी छातीशी धरून उभी राहिली. मी तिच्याजवळ.

पप्पा पुढे गेले. दारासमोर उभे राहिले. शर्ट नीट केला. आतून कुकरची शिट्टी झाली तसे ते दचकले. शेजारच्या दारात तांदूळ निवडणारी बाई आमच्याकडे टकमक बघू लागली. पप्पांना लोकांनी बघितलेलं चालत नसे, हे मला माहीत होतं. ती बाई काही आत जाईना.

त्यांनी हात उचलला आणि ठोठावलं. एवढ्या हळू की मलाच ऐकू आलं नाही. आत काहीच हललं नाही.

त्यांनी वळून आईकडे बघितलं. आईने नजर काढून घेतली.

मग पप्पांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. खरंच बडवलं. कडी खडखडली, शेजारीण उठून उभी राहिली, आणि पप्पा घसा फुटेल अशा आवाजात ओरडले, ‘बेकू! ए बेकू! मी आहे गं!’

आत पावलं वाजली. कडी निघाली. दारात ताई उभी होती, गाऊनवर ओढणी, केस अर्धवट बांधलेले, हाताला पीठ. तिने पप्पांना बघितलं. त्यांच्या खांद्यावरून आईला बघितलं, मला बघितलं. पप्पांचे हात अजून वरच होते. ते खाली कसे आणायचे हे जणू ते विसरले होते.

‘पप्पा,’ ताई दबक्या आवाजात म्हणाली, ‘हळू वाजवा ना. आत्ता कुठे झोपलाय तो.’

आणि ती दारातून बाजूला झाली.